मुदत ठेव मोडून जपानी फिगर्स घ्याव्यात का?

तुमच्या पत्राचा सारांश आधी मांडतो. आठ वर्षांच्या नोकरीत तुम्ही जपानहून मागवून साठेक ॲक्शन फिगर्स, म्हणजे हातपाय वळवता येणाऱ्या पात्रांच्या छोट्या मूर्ती, जमवल्या आहेत, त्यात मुख्यतः मॅक्स फॅक्टरी कंपनीच्या फिग्मा आणि बंदाई कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स या मालिकांमधल्या. त्यांच्या परीक्षणांचे व्हिडिओ करता. प्रेक्षक विश्वासाने येतात, पण जाहिरातींतून महिन्याला एखाद्या पार्सलचा टपालखर्च निघतो, इतकंच. आता सुमारे 6,00,000 येन इतक्या रकमेची मुदत ठेव मोडायची आणि वर्षभरात येणाऱ्या वीसेक फिगर्सचे प्रत्येकी दोन नग घ्यायचे, एक परीक्षणासाठी उघडायचा आणि दुसरा सीलबंद ठेवून पुढे विकायचा, असा बेत आहे. पुढच्या वर्षी नोकरी अर्धवेळ करण्याचाही विचार आहे. ही ठेव म्हणजे तुमची जवळजवळ सगळी शिल्लक, पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी.

ठेव मोडू नका. नोकरी पूर्णवेळच ठेवा. परीक्षणं मात्र जरूर चालू ठेवा, कारण तुमच्या सगळ्या बेतात खरी किंमत त्यांनाच आहे.

तुमच्याकडची एक सीलबंद फिगर तिपटीला विकली गेली, म्हणून दुसऱ्या नगाची कल्पना सुचली, असं तुम्ही लिहिता. त्याचा हिशेब मांडून बघू. समजा, फिगरची किंमत 10,000 येन. टपालाचा तिच्या वाट्याचा खर्च 2,000 आणि आयात शुल्क, कर वगैरे मिळून आणखी 2,000 धरू. म्हणजे घरपोच किंमत झाली 14,000. चार वर्षांनी ती 20,000 ला गेली. दुप्पट झाली असं वाटतं, पण विक्री करून देणाऱ्या साइटचं कमिशन आणि पॅकिंग मिळून दहा टक्के गेले की हातात 18,000 उरतात. वर्षाला साधारण साडेसहा टक्के सुटले. आणि हा हिशेब चाललेल्या फिगरचा आहे. निम्म्या फिगर्स चार वर्षांनीही 10,000 लाच गेल्या, तर त्यांचे 9,000 हाती येतील. दोन्हींची सरासरी 13,500, म्हणजे घरपोच किमतीपेक्षाही कमी.

निम्म्या फिगर्स चालणार नाहीत, हे मी उगाच धरलेलं नाही. भाव चढला की कंपनीलाही तो दिसतो आणि ती रीइश्यू काढते, म्हणजे तीच फिगर पुन्हा बनवते. मेट्रॉइड या व्हिडिओ गेममधली सॅमस किंवा झेल्डा या गेममधला लिंक यांच्या फिग्मा अशाच पुन्हा पुन्हा बाजारात आल्या. ड्रॅगन बॉल या जपानी कार्टून मालिकेच्या फिगुआर्ट्समध्ये त्याच पात्राची सुधारित आवृत्ती येते, आणि तिचे सांधे अधिक चांगले असले की जुनीकडे फारसं कुणी बघत नाही. कोणती फिगर पुन्हा निघणार हे बंदाई किंवा मॅक्स फॅक्टरी ठरवणार, आणि ते तुम्हाला आधी कळणार नाही. लोकप्रिय फिगर्सच्या नकलाही निघतात. त्यामुळे अनोळखी विक्रेत्याकडून घेताना गिऱ्हाईक बिचकतं आणि भाव पाडून मागतं.

खोक्यातला मालही जसाच्या तसा राहत नाही. पीव्हीसी प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, प्लास्टिसायझर, हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट होते. खोक्यातल्या ब्लिस्टरमध्ये, म्हणजे फिगर बसवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यात, हवा खेळत नसल्याने सीलबंद नगात हे जास्तही होऊ शकतं. पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं. दमट, गरम खोलीत हे सगळं लवकर होतं.

आता प्री-ऑर्डरबद्दल, म्हणजे फिगर बनण्याआधीच केलेल्या बुकिंगबद्दल, कारण मला सर्वाधिक काळजी तिचीच वाटते. बऱ्याच जपानी दुकानांत बुकिंगच्या वेळी पैसे कापले जात नाहीत, माल निघताना कापले जातात. त्यामुळे बुकिंग करताना खर्च झाल्यासारखा वाटतच नाही. पण ते तुमच्यावरचं देणंच आहे, आणि तेही येनमध्ये. उत्पादन लांबतं, मार्चमधली फिगर जुलैत येते, जुलैतल्या मुळातच तीन असतात, आणि एकाच महिन्यात चार बिलं येऊन पडतात. शिवाय येनचा भाव तुमच्या हातात नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये एका डॉलरला 76 पेक्षाही कमी येन मिळत होते, जुलै 2024 मध्ये 161 च्या वर. येन आज स्वस्त आहे म्हणून बुकिंग वाढवलं आणि माल निघेपर्यंत तो वधारला, तर तीच फिगर महाग पडेल. वारंवार रद्द केलं तर दुकान खातंच बंद करू शकतं. टपालाचंही तसंच. 2020 मध्ये जपान पोस्टने अनेक देशांची ईएमएस ही जलद टपालसेवा थांबवली, तेव्हा लोकांना महागड्या कुरिअरकडे वळावं लागलं. तिथे वजनापेक्षा खोक्याचं आकारमान जास्त निघालं तर पैसे आकारमानावर लागतात, आणि फिगरचं खोकं म्हणजे बरीचशी हवाच असते.

दुसऱ्या नगाला माझा आणखी एक विरोध आहे, आणि तो पैशापलीकडचा आहे. ज्या फिगरचं परीक्षण करता, तिचाच सीलबंद साठा कपाटात असेल, तर तुमच्या कौतुकाने तुमच्याच मालाचा भाव वाढतो. कमरेचा सांधा सैल आहे, चेहऱ्यावरचा रंग पसरलाय, हे सांगताना मन कचरेल. प्रेक्षक तुमच्याकडे येतात ते हे स्पष्ट ऐकायला. परीक्षणाच्या फिगरचा दुसरा नग घ्यायचाच नाही, हा नियम आजपासून करा.

मग काय करावं? तुमच्याकडच्या साठ फिगर्स हेच तुमचं भांडवल आहे आणि त्याचे पैसे केव्हाच चुकते झालेत. नव्या फिगरचं परीक्षण पहिल्याच आठवड्यात कितीतरी जण करतात. आठ वर्षं हाताळलेल्या फिगरचे गुडघे अजून उभं राहू देतात का, कोणत्या सांध्याला तडा गेला, कोणता रंग हातांना लागून उडाला, हे दाखवणारे फार थोडे. जुना माल घेणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. एमीएमीसारखं जपानी ऑनलाइन दुकान वापरलेल्या फिगरला आणि तिच्या खोक्याला वेगवेगळी श्रेणी देतं. 'बी' श्रेणीची फिगर प्रत्यक्षात कशी निघते, हाही परीक्षणाचा चांगला विषय आहे, आणि बऱ्याचदा नव्यापेक्षा कमी खर्चाचा.

नव्या फिगर्ससाठी वेगळं खातं उघडा. पगारातून दरमहा झेपेल तेवढी ठरावीक रक्कम त्यात टाका, परीक्षणांचं उत्पन्नही तिथेच येऊ द्या, आणि खरेदी फक्त त्यातूनच करा. सुरुवातीच्या फिग्मा साधारण अडीच हजार येनला मिळत, आज अनेक 10,000 च्या पुढे आहेत. त्यामुळे नग कमीच येतील, हे धरून चला. तुमच्या मालमत्तेच्या तक्त्यात संग्रहाची किंमत शून्य लिहा. एखादी विकली गेलीच, तर पैसे त्याच खात्यात.

अर्धवेळ नोकरीचा विषय परीक्षणांचं निव्वळ उत्पन्न सलग बारा महिने अर्ध्या पगाराइतकं झालं की काढू. निव्वळ म्हणजे फिगर, टपाल, शुल्क, दिवे, कॅमेरा सगळं वजा जाता.

या आठवड्यात एक काम करा. सध्याच्या सगळ्या प्री-ऑर्डरची यादी काढा: फिगर, येनमधली किंमत, अपेक्षित महिना, रद्द करता येते की नाही. त्यातल्या कोणत्या नव्या खात्याच्या आवाक्यात बसतात, ते यादी पाठवलीत की एकत्र बसून ठरवू.