समोरची इमारत दिसते, मग धावपट्टी का नाही?

प्रश्न : काका, जुलैत माझा जावई नागपूरहून येत होता. विमान मुंबईपर्यंत आलं, पण न उतरता अहमदाबादला गेलं. मागून आलेलं दुसरं मात्र वीस मिनिटांनी उतरलं! आमच्या गॅलरीतून समोरची इमारत स्वच्छ दिसत होती. वैमानिक घाबरला का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : ताई, जावयाची रात्र अहमदाबादेत गेली म्हणून वैमानिकाला बोल लावू नका. सांताक्रूझला हवामान निरीक्षक म्हणून माझी उमर गेली. गॅलरीतून काय दिसतं ते तिथे कोणी विचारत नाही. चाकं टेकतात त्या भागाजवळ धावपट्टीलगत दोन खांब असतात. एकातून प्रकाशाचा झोत निघतो, दुसरा त्यातला किती पोचला ते पाहतो. त्यावरून वैमानिकाला धावपट्टीचे दिवे किती लांबून दिसतील याचा आकडा निघतो. तोच आरव्हीआर, म्हणजे ‘रनवे व्हिज्युअल रेंज’. बंगळुरूच्या ‘एनएएल’ या सरकारी विमानविज्ञान प्रयोगशाळेने बनवलेलं ‘दृष्टी’ हे असंच यंत्र.

कॅट वन, म्हणजे आयएलएसच्या (जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधाराने उतरण्याच्या) सर्वांत साध्या प्रकाराला हा आकडा किमान ५५० मीटर लागतो. विमान १,००० फुटांवर येण्याआधीच तो घसरला, तर त्याखाली यायचंच नाही. नंतर घसरला तर २०० फुटांपर्यंत येऊन बघता येतं. २०० फूट म्हणजे तुमच्याकडच्या एखाद्या नव्या टॉवरचा विसावा मजला. तिथेही दिवे दिसले नाहीत की इंजिनाचा जोर वाढवून थेट वर. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने ५५० मीटर आठ सेकंदांत संपतात, घाबरायलाही सवड नसते.

मागचं विमान उतरलं, कारण तोवर पावसाची सर पुढे सरकली असणार. आपला पाऊस दिल्लीच्या धुक्यासारखा ठाण मांडून बसत नाही. आणि हो, ‘दिल्लीत आरव्हीआर ५० मीटर असला तरी उतरतात, मग इथे का नाही?’ असं पत्र येईलच, म्हणून आत्ताच सांगतो : त्याला जमिनीवरची यंत्रणा, विमान आणि वैमानिक तिन्ही त्या दर्जाचे लागतात. शिवाय तिथे विमान ऑटोपायलट उतरवतो, आणि त्याला आडव्या वाऱ्याची मर्यादा असते. धुक्यात वारा पडलेला असतो. आपल्याकडे जुलैत छत्री उलटी होते.

अहमदाबादचं म्हणाल तर पर्यायी विमानतळ आधीच ठरलेला असतो, तिथवरचं इंधन घेऊनच निघतात.

यंत्र नसेल किंवा बंद पडलं तर माणूस उभा करून धावपट्टीच्या कडेचे दिवे मोजायचे, अशीही रीत आहे. मीही मोजलेत, रेनकोटात, चष्मा पुसत पुसत. दोन दिव्यांत साधारण ६० मीटर. नऊ दिसले तर ५४०, आणि विमान वरच. एकदा दहावा दिसतोय की नुसता भास होतोय हे ठरेना. वॉकीटॉकीवर विचारणा चालूच होती. मी नऊच सांगितले.