तुझ्या कामावर उद्या कोण उभे राहील?

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना तू तिघांच्या एच-इंडेक्सचा तक्ता केला आहेस आणि ज्यांचा आकडा मोठा त्यांच्याकडेच जावे का, असे विचारले आहेस. हा निर्देशांक हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली सुचवला. एखाद्याच्या २० शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी संदर्भ घेतला असेल, तर त्याचा आकडा निदान २० भरतो. नेमणुकीच्या आणि अनुदानाच्या समित्या हा आकडा पाहतात, त्यामुळे त्याकडे पाठ फिरव असे मी म्हणणार नाही. मात्र तो झालेल्या कामाचा हिशेब असतो. आज हाती घेतलेल्या प्रश्नात किती दम आहे, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी योशिनोरी ओसुमी या जपानी पेशीशास्त्रज्ञाच्या कामाकडे पाहा.

ओसुमी यांची स्वतःची छोटी प्रयोगशाळा टोकियो विद्यापीठात १९८८ साली सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. त्यांनी विषय निवडला यीस्टच्या रिक्तिकेचा, म्हणजे पेशीतल्या ज्या पिशवीला तेव्हा बहुतेकजण केवळ कचराकुंडी समजत असत तिचा. पेशी स्वतःचेच घटक पचवते, या क्रियेला शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द दुव यांनी १९६३ मध्ये ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले होते. परंतु ती कोणत्या जनुकांच्या बळावर चालते, याचा पुढची जवळपास तीस वर्षे पत्ता नव्हता. यीस्टची पेशी इतकी लहान की पचन चालू असताना आत काय घडते ते दिसणे कठीण. ओसुमींनी विचार असा केला की पचवणारी विकरेच (एन्झाइम) नसतील, तर रिक्तिकेत आलेला माल तिथेच साचेल आणि डोळ्यांना दिसेल. त्यांनी ती विकरे नसलेला यीस्टचा वाण घेतला, त्याला उपाशी ठेवले आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही तासांतच रिक्तिका बारीक गोल कणांनी भरली होती आणि ते कण आत सतत थरथरत, इकडून तिकडे हलत होते.

खरे कौशल्य मला त्याच्या पुढच्या पायरीत दिसते. हजारो उत्परिवर्तित, म्हणजे जनुकांत बदल झालेल्या, पेशींमधून त्यांनी असे वाण शोधले, ज्यांची रिक्तिका उपासमारीतही रिकामीच राहते, म्हणजे ज्यांत ही क्रिया बंद पडली आहे, आणि १९९३ साली या क्रियेला लागणारी १५ जनुके त्यांच्या हाती लागली. तो लेख 'फेब्स लेटर्स'मध्ये आला. ज्या नियतकालिकांसाठी आजचे विद्यार्थी देव पाण्यात घालून बसतात, त्यांपैकी ते नव्हे. तरीही त्या जनुकांचे भाऊबंद पुढे उंदरात आणि माणसात सापडले. ओसुमींच्याच प्रयोगशाळेतून पुढे गेलेल्या मिझुशिमा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की त्यांपैकी एक जनुक नसलेली उंदराची पिल्ले जन्मल्यावर दिवसभरात दगावतात. २०१६चे वैद्यकशास्त्राचे नोबेल ओसुमींना एकट्याला मिळाले.

आपल्याकडचे उदाहरण कर्करोग-संशोधक कमल रणदिवे यांचे. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलताईंनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. केली. पुढे अमेरिकेत पेशी-संवर्धनातले तज्ज्ञ जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून त्या परतल्या आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतक संवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी केली. पेशी काचेत वाढवायच्या तर पाण्याच्या शुद्धतेपासून धुतलेल्या बाटलीत राहिलेल्या साबणाच्या अंशापर्यंत सगळे सांभाळावे लागते. या मेहनतीचा संदर्भ कोणी शोधनिबंधात देत नाही, पण नंतर येणाऱ्यांचे काम तिच्यावरच उभे असते.

माझी एक चूक तुला सांगायलाच हवी. उमेदीच्या काळात मी आठ महिने ज्या पेशींवर प्रयोग केले, त्यांना मायकोप्लाझ्माची लागण झालेली होती. या जंतूने पेशी वाढवायचे द्रव माध्यम गढूळ होत नाही, म्हणून मला संशय आला नाही. शेवटी डीएनएला चिकटणारा रंग घालून पाहिले, तर निळ्या केंद्रकांभोवती, जिथे काहीच चमकायला नको होते तिथे, बारीक ठिपक्यांची रांगोळी पसरलेली. निबंध लिहून तयार होता; तो मी पाठवला नाही. फार वाईट वाटले, पण त्या निष्कर्षांवर दुसऱ्या कोणी दोन वर्षे घालवली असती तर त्याची भरपाई मी कशी करणार होतो?

म्हणून त्या तीनही प्रयोगशाळांत प्रत्यक्ष जा. मार्गदर्शकांच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्यांना भेट. पेशींची मायकोप्लाझ्मा चाचणी शेवटची कधी झाली, फसलेले प्रयोग वहीत नोंदवले जातात का, पूर्वीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि इतरांनी मागितल्यावर इथले वाण व पेशी पाठवल्या जातात का, हे मोकळेपणाने विचार. काय उत्तरे मिळाली ते कळव. मुलाखतीच्या आधी आपण पुन्हा बोलू.

तुझा शुभचिंतक,
सर