काचेवरचे धुके आतले की बाहेरचे?

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची असून राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रोज स्वतः गाडी चालवत जाते. काही महिन्यांपासून रस्त्यावरचा प्रत्येक जण मला बेशिस्त वाटतो. मी ओरडते, हॉर्न वाजवत राहते. परवा सायबर चौकात एक दुचाकीवाला डावीकडून घुसला, त्याच्या लेखी मला काही किंमतच नव्हती. माझी बारा वर्षांची मुलगी आता माझ्या गाडीत बसायला नको म्हणते आणि रिक्षाने शाळेला जाते. (सासऱ्यांच्या आजारपणामुळे रात्री तीन-चारदा उठावे लागते, ते वेगळेच.) मी बदलले आहे, की लोकच असे झाले आहेत?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला जुलैमधली एक संध्याकाळ आठवली. पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या वळणांवर पाऊस धो धो कोसळत होता, समोरचे काही दिसेना म्हणून मी वायपर सर्वांत जलद लावला, तरी काच पांढरीच राहिली. तेव्हा शेजारी बसलेल्या यजमानांनी काही न बोलता काचेवर आतून एक बोट फिरवले. त्या बोटभर पट्टीतून रस्ता लख्ख दिसला. आमच्याच श्वासांची आणि भिजलेल्या कपड्यांची वाफ गार काचेवर आतून साचली होती आणि मी बाहेरची बाजू पुसत सुटले होते. याच्या उलटही घडते. एसी फार गार ठेवला, तर पावसाळी दमट हवेमुळे काच बाहेरून धुरकटते, आणि तेव्हा वायपरच कामी येतो. धुके कोणत्या बाजूचे, हे नुसते पाहून कळत नाही; बोट लावावे लागते.

म्हणून सगळा दोष तुमचाच, असे मी मुळीच म्हणणार नाही. गळीत हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक पुढे येते, तेव्हा छातीत धस्स होणे आणि राग येणे योग्यच आहे. पण सायबर चौकातला तो दुचाकीवाला डावीकडून घुसला, एवढेच तुम्ही पाहिले; त्याच्या लेखी तुमची किंमत काय, हे तुम्हाला दिसलेले नाही, ते तुमच्या मनाने त्यात घातले. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. उजळाईवाडीजवळ महामार्गावर तीन सेकंद अशा मनातल्या भांडणात गेले, तर ५० मीटर रस्ता तुम्ही न पाहताच कापलेला असतो.

आणि पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. ताई, ते वेगळे नाही. महिनोन्महिने तुटक झोपेवर दिवस काढणाऱ्या बाईला समोरचा प्रत्येक माणूस आडवा आल्यासारखा वाटतो, आणि अशा अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचेही असते. सासऱ्यांची सेवा तुम्ही मनापासून करत आहात, हे पत्रातून जाणवते. परंतु रात्रीची पाळी वाटून घ्यायलाच हवी, आणि तसे यजमानांना आजच, आडवळणाने न सुचवता, स्पष्ट सांगा. ज्या सकाळी डोळे चुरचुरत असतील, त्या दिवशी गाडी दारातच राहू द्या आणि बसने किंवा सहकाऱ्याबरोबर जा. इतर दिवशी किल्ली फिरवण्याआधी स्वतःला विचारा : किती झोप झाली, किती उशीर झाला, घरातून निघताना शेवटचे वाक्य मी कोणाला काय बोलले?

आता मुलीविषयी. आरशांत मागचा रस्ता दिसतो, पण चालवणाऱ्याचा चेहरा शेजारी बसलेल्यालाच दिसतो, आणि तुमच्या शेजारी इतके दिवस ती बसत होती. एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावर तिच्याबरोबर पायी फिरताना तिला विचारा, "मी चिडते तेव्हा तुला काय दिसतं?" ती सांगेल ते मधे न बोलता ऐका, "पण त्या दुचाकीवाल्यानं..." हे शब्द ओठांवर आले, तरी गिळून टाका. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा रिक्षाच निवडली, तर तिला जाऊ द्या. चार दिवसांनी पुन्हा विचारा.