‘ते आता इथे नसतात’

“ताई, मी इंदूरला असते, शाळेत शिकवते. बाबा ८३ वर्षांचे. पुण्यात आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्त्यांप्रमाणे टपाल लावणारे सॉर्टर होते. आई गेल्यावर विसरायला लागले, डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. दादा पुण्यात आहे, त्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. २ वर्षांत ही तिसरी जागा. पहिल्या संस्थेला घरमालकाने बंगला खाली करायला लावला. दुसरीने ‘आजोबा रात्री उठून फिरतात, आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत’ असं सांगून न्यायला लावलं. तिसरीकडे हलवल्याचं मला ९ दिवसांनी कळलं. नेहमीसारखा फोन केला तर तिथल्या मावशी म्हणाल्या, ‘ते आता इथे नसतात.’ क्षणभर वाटलं, बाबा गेलेच. दादा म्हणतो, ‘तू तिथे बसून काय करणार होतीस?’ व्हिडिओ कॉल लावला तर बाबा छताकडे बघत राहतात. त्यांना इंदूरला आणू का? कायद्याने काही करता येईल का? की लेक म्हणून मीच कमी पडले?”

तुमचं पत्र त्या मावशींच्या वाक्यापर्यंत वाचलं आणि थोडा वेळ बाजूला ठेवलं. ते वाक्य मी वेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे.

माझ्या आईच्याही शेवटच्या ३ वर्षांत जागा बदलावी लागली. हलवलं त्या दिवशी तिचं कानाचं मशीन पहिल्या ठिकाणी उशीखाली राहिलं. मी दुसऱ्या गावात. रोज फोन करायचे, कुणीतरी तो तिच्या कानाला लावायचं, पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. अकराव्या दिवशी मी तिथे पोचले आणि कॉटच्या दांड्याला अडकवलेली वही उघडली. त्यात रोजच्या पानावर एकच नोंद होती, ‘आजी बोलत नाहीत’. आई बोलत नव्हती कारण तिला ऐकूच येत नव्हतं, आणि तिला मशीन लागतं हे त्या इमारतीत कुणाला ठाऊकच नव्हतं. दोष कुणा एकाचा नव्हता. पण ते ११ दिवस मला अजून टोचतात, म्हणून तुम्हाला आधी हेच सांगते: जागा बदलते तेव्हा बाबांबद्दलची माहिती मागे राहून जाते, आणि ती पुढे पोचवायचं काम इंदूरला बसूनही करता येतं.

आज शाळेतून आलात की एक कोरा कागद घ्या. मोठ्या अक्षरात बाबांचं नाव लिहा, आणि त्याखाली घरच्यांनाच ठाऊक असतं ते सगळं लिहा. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं. चष्मा जवळचा की लांबचा. कवळी रात्री काढतात का. चहा कितपत गोड लागतो. अंघोळीला नको म्हणाले तर काय म्हटल्यावर उठतात. कुणी ‘अहो पोस्टमन’ म्हटलं तर रागावतात का, कारण ते सॉर्टर होते आणि हा फरक त्यांना महत्त्वाचा असणार. रात्री उठतात तेही लिहा, आणि का उठतात याचा तुमचा अंदाजही लिहा. आरएमएसच्या माणसाने वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेल्या असतात, गाडीच्या डब्यात उभं राहून टपाल लावलेलं असतं. रात्री २ वाजता उठून फिरणारे तुमचे बाबा कदाचित ड्यूटीवर निघालेले असतील. हे माहीत असलेली मावशी त्यांना ‘झोपा गुपचूप’ म्हणणार नाही, ‘आज गाडी लेट आहे, बसा जरा’ म्हणेल. शेवटी तुमचं नाव, नातं आणि फोन नंबर. हा कागद लॅमिनेट करून कपाटाच्या दाराला आतून लावायला सांगा, एक प्रत फाईलमध्ये, एक दादाकडे. उद्या चौथी जागा आली तरी कागद बरोबर जाईल.

फोनचं म्हणाल तर व्हिडिओ कॉलचा हट्ट सोडा. डिमेन्शिया झालेल्या माणसाला त्या छोट्या चौकटीतला चेहरा आणि कुठून तरी येणारा आवाज यांचा मेळ घालता येत नाही, म्हणून नजर भिरभिरते. ते तुमच्याकडे पाठ फिरवत नाहीयेत. त्यांच्यासाठी बटणांचा साधा फोन घ्या, सिम बाबांच्याच जुन्या नंबरचं. तो नंबर संस्थेबरोबर बदलणार नाही, फक्त रिचार्ज चुकवू नका, नाहीतर कंपनी नंबर बंद करते आणि बँकेचे ओटीपीही त्यावरच येत असतात. कॉल सकाळी करा, अंघोळ-नाश्ता उरकल्यावर. दिवस मावळला की या आजारात गोंधळ वाढतो, आणि शाळा सुटल्यावर संध्याकाळी तुम्हाला सवड मिळते तेव्हाच बाबा सगळ्यात जास्त हरवलेले असतात. रविवारी सकाळी आणि मधल्या सुट्टीत एखादा दिवस, एवढं ठरवून टाका. आणि ‘ओळखलंत का मला?’ हे कधी विचारू नका. ती परीक्षा असते आणि ते नापास झालेले त्यांना कळतं. ‘बाबा, मी इंदूरहून बोलतेय, तुमची मुलगी’ असं सांगून सुरू करा. पुढे ते गप्प राहिले तर तुम्हीच बोला. स्वयंपाकघरात काय शिजतंय ते सांगा. स्तोत्र म्हणा, पाढे म्हणा.

आणि पत्र लिहा. हे मी हळवं होऊन म्हणत नाहीये. बाबांचं सगळं आयुष्य पत्रांवरचे पत्ते वाचण्यात गेलंय. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम वेलणकर यांच्या कल्पनेतला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तेव्हा तुमचे बाबा ऐन तिशीत होते, तो त्यांनी हाताने रुळवला आहे. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घ्या, दर आठवड्याला एक टाका. चार ओळी पुरेत, अक्षर टपोरं. तुमच्या पत्त्यातला ४५२ आणि त्यांचा ४११ किंवा ४१२, दोन्ही ठळक काढा. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश, दोघांचाही पहिला आकडा ४ आहे. मजकूर वाचतील न वाचतील, पण पिनकोडवर त्यांची नजर ठरेल असं मला फार वाटतं. फोन ठेवला की संपतो, कार्ड उशाशी राहतं, पुन्हा हातात येतं. शिवाय संस्थेच्या ऑफिसात दर आठवड्याला तुमचं नाव पोचतं. ज्या आजोबांचं टपाल येतं त्यांच्याकडे लोक जरा जास्त बघतात, हे मी आईच्या वेळी डोळ्यांनी पाहिलंय.

आता दादा. तुम्ही त्याच्यावर रागावलात ते बरोबर आहे, ९ दिवस ही लहान गोष्ट नाही. तरी दुसऱ्या संस्थेने ‘घेऊन जा’ म्हटल्यावर त्या माणसाने काय केलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. नोकरी सांभाळून जागा शोधायची, डिपॉझिट भरायचं, फाईल जमवायची, गोंधळलेल्या बाबांना गाडीत बसवायचं. मला वाटतं त्याने तुमच्यापासून बाबांना लपवलं नाही. बाबांना पुन्हा काढून टाकलं, हे सांगायची त्याला लाज वाटली असावी. त्याला ‘मला का नाही सांगितलंस’ असं विचारलंत की तो पुन्हा तेच उत्तर देईल. त्याऐवजी म्हणा, ‘दादा, निम्मी फी मी दर महिन्याला थेट संस्थेला पाठवते, आणि औषधांचं मी बघते. फक्त फॉर्मवर तुझ्या नावाखाली माझं नाव घाल.’ निम्मी झेपत नसेल तर तिसरा हिस्सा. प्रवेशाच्या अर्जात संपर्काची व्यक्ती एकच असते तोवर संस्था एकालाच कळवते, यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आणि हेही स्पष्टच सांगते, ज्याच्याकडून पैसे येतात त्याचा फोन लवकर उचलला जातो.

कायद्याचं विचारलंत. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. पण तो आई-बापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात मुलाइतकीच मुलीचीही जबाबदारी धरली आहे. दादाने बाबांना सोडलेलं नाही. तिथे जाऊ नका. बाबांना मारहाण होते, उपाशी ठेवतात, भेटू देत नाहीत, असं काही कानावर आलं तर मात्र गप्प बसू नका, १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे लगेच फोन करा.

इंदूरला आणायचं? माझं मत, आत्ता नको. प्रत्येक नव्या जागेत अशा रुग्णाचे पहिले काही आठवडे फार वाईट जातात. संडास कुठल्या बाजूला हे शिकलेलं पुसलं जातं, पडझड त्याच दिवसांत होते. तिसरी जागा बरी असेल तर तिला रुजू द्या. आणि ‘६ महिने माझ्याकडे, ६ महिने तुझ्याकडे’ ही वाटणी कुणी सुचवली तर ठाम नाही म्हणा. भावंडांना ती न्यायाची वाटते, बाबांना मात्र वर्षातून दोनदा घर गमवावं लागतं.

त्यापेक्षा ही जागा टिकेल का ते आत्ताच विचारा. संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन करा आणि नम्रपणे म्हणा, ‘कोणत्या परिस्थितीत तुम्ही बाबांना ठेवू शकणार नाही?’ अंथरुणाला खिळले तर? लघवीची नळी लागली तर? रात्रपाळीला किती जण असतात? जागा स्वतःची की भाड्याची, करार कधीपर्यंत? हलवायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगाल? ही उत्तरं दादालाही कळवा. दुसऱ्या ठिकाणी रात्रीच्या माणसांचं आधी विचारलं असतं तर कदाचित एक फेरा वाचला असता, पण हे दादाला ऐकवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत जाल तेव्हा घरातली एखादी जुनी गोधडी न्या, धुतलेली नको, घरच्या वासाची. त्याच फेरीत एक काम उरकून टाका, पेन्शनचा हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरमध्ये. मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण तुम्ही पोस्टमनला संस्थेत बोलवा, पोस्ट पेमेंट्स बँकेची ती घरपोच सेवा आहे. खाकी पिशवीवाला माणूस आपल्याच खोलीत आपल्याच कामासाठी आलेला बाबांना बघू द्या. हे काम यापुढे दरवर्षी तुमचं, असं दादाला सांगून टाका. त्याच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल, आणि बाबा कुठे आहेत हे तुम्हाला ठाऊक असणं मग कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. नाही, तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. नवव्या दिवशी ज्या नंबरवर बाबा सापडले नाहीत, तो नंबर तुम्ही नेहमीसारखा फिरवला होता, म्हणूनच तर कळलं.

नव्या जागेचा पूर्ण पत्ता दादाकडून आजच मागून घ्या, पिनकोडसकट. पहिलं कार्ड उद्या शाळेत जाताना पेटीत पडू दे.