शब्दचर्चा : साउंडस्केप, कानोसा आणि उपज

कोल्हापुरातील काही मंडळी रंकाळ्याच्या काठावर पहाटेचा एक उपक्रम आखत आहेत. आधी तासभर न बोलता भोवतालचे आवाज ऐकायचे आणि मग त्या आवाजांना उत्तर म्हणून, आधी काहीही न बसवता, वाद्ये, भांडी, काठ्या, स्वतःचा गळा असे जे हाताशी असेल ते वाजवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. पत्रकाच्या मसुद्यात त्यांनी ‘साउंडस्केप’साठी, म्हणजे ऐकणाऱ्याला जाणवणाऱ्या भोवतालच्या आवाजांसाठी, ‘ध्वनिदृश्य’ आणि ‘इम्प्रोव्हायझेशन’साठी, म्हणजे आधी न ठरवता ऐन वेळी केलेल्या वादन-गायनासाठी, ‘तात्कालिक ध्वनिकला’ असे शब्द योजले आहेत; शीर्षक म्हणून ‘नादभूमी’ सुचले आहे. हे शब्द बरोबर आहेत का, नसल्यास दुसरे कोणते घ्यावेत, असे त्यांच्यापैकी एका वाचकाने विचारले आहे.

‘ध्वनिदृश्य’ कसा तयार झाला असेल हे उघड आहे. ‘लँडस्केप’ला आपण ‘निसर्गदृश्य’ किंवा ‘भूदृश्य’ म्हणतो. तेव्हा निसर्ग काढून तेथे ध्वनी बसवला की काम झाले, असा हिशेब असावा. परंतु ‘लँडस्केप’मधील ‘स्केप’चा मुळात पाहण्याशी संबंध नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीने हा शब्द डच भाषेतून घेतला; तेथील ‘लांडस्खाप’मधील ‘स्खाप’ हा प्रत्यय अवस्था किंवा भाव दाखवणारा, म्हणजे आपल्या ‘-पण’ किंवा ‘-ता’ यांच्या जातीचा आहे. तो चित्रकारांच्या बोलीतून इंग्रजीत आला म्हणून त्याला दृश्याचा अर्थ चिकटला. आपण भाषांतर केले ते त्या चिकटलेल्या अर्थाचे, आणि परिणाम असा की डोळे मिटून करायच्या गोष्टीच्या नावातच डोळा येऊन बसला. ‘ध्वनिचित्र’ हा पर्यायही सुचवला जातो, पण ‘ध्वनिचित्रफीत’ आणि ‘ध्वनिचित्रमुद्रण’ यांनी तो शब्द व्हिडिओच्या खात्यात कधीच जमा करून टाकला आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा संकल्पनेचा आहे. ‘साउंडस्केप’ हा शब्द जगभर पोहोचवला तो कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर (१९३३–२०२१) यांनी. १९७० च्या आसपास सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावे, बंदरे आणि शहरे यांच्या आवाजांचा अभ्यास सुरू केला. एखाद्या ठिकाणी किती डेसिबल आवाज आहे एवढ्यावर न थांबता, तेथे राहणाऱ्या माणसांना काय ऐकू येते आणि त्यातून त्यांना काय कळते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. पुढे २०१४ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १२९१३ क्रमांकाच्या मानकात हाच भेद व्याख्येत आणला. त्यानुसार ठिकाणी प्रत्यक्ष असलेले आवाज ही एक गोष्ट आणि माणसाने संदर्भासह अनुभवलेले, जाणलेले आवाज ही दुसरी. ‘साउंडस्केप’ हे नाव या दुसऱ्या गोष्टीचे आहे. विसर्जन मिरवणुकीत, लोक ज्याला सर्रास डॉल्बी म्हणतात त्या ध्वनियंत्रणेच्या भिंतीपुढे नाचणारा मुलगा आणि त्याच रस्त्यावरील माडीवर झोपलेला आजारी माणूस यांच्यासाठी ध्वनिमापकावरचा आकडा जवळजवळ सारखाच येईल, पण त्यांचे ‘साउंडस्केप’ एक नव्हे.

पावशाचेही तसेच आहे. मृगाच्या आधी हा पक्षी ओरडू लागला की आपल्याकडील शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते; हिंदी मुलखात तोच आवाज ‘पी कहाँ’ होतो आणि इंग्रजांच्या कानाला तो ‘ब्रेन फीवर’ असा वाटला. पक्षी एक, स्वर एक; तरी एकाला पेरणी आठवते, दुसऱ्याला विरह आणि तिसऱ्याला ताप. तेव्हा आपल्याला हवा असलेला शब्द ऐकणाऱ्याला आत घेणारा असला पाहिजे. माझ्या मते ‘श्रवणपरिसर’ हे काम नीट करतो. ठिकाणच्या नुसत्या, मोजता येणाऱ्या आवाजांसाठी ‘ध्वनिपरिसर’ ठेवावा आणि ऐकलेल्या भोवतालासाठी ‘श्रवणपरिसर’ वापरावा. म्हणजे मानकातला भेद मराठीतही टिकतो. ‘श्रवण’ शब्दाला कीर्तनाचा आणि पोथीचा वास येतो, असा आक्षेप येईल. तो वास मला उपयोगाचाच वाटतो, कारण नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे ते कानावर सहज पडणाऱ्या गोष्टीचे नाव म्हणून नव्हे. तेथे ऐकणे ही लक्ष देऊन करण्याची कृती आहे.

‘नादभूमी’विषयी मात्र कोल्हापूरकरांना सावध करावेसे वाटते. शास्त्रात ‘नाद’ हा मोठ्या मानाचा शब्द आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त आहत (आघाताने निघणारा) आणि अनाहत (आघाताविना असणारा) नादाचे जे विवेचन केले, त्याची छाया संगीतावरील आपल्या सगळ्या लेखनावर आहे. परंतु बोली मराठीत नाद म्हणजे वेड: नादी लागणे, नादिष्ट, बैलगाडा शर्यतीचा नाद, कुस्तीचा नाद. ‘छंद’ शब्दालाही वृत्त आणि आवड असे दोन अर्थ आहेत. आणि कोल्हापुरात तर ‘नाद खुळा’ ही सर्वोच्च पदवी आहे. रंकाळ्याच्या कठड्यावर ‘नादभूमी’ असा फलक दिसला तर निम्मे लोक तेथे शर्यतीची चौकशी करायला येतील, आणि त्यात त्यांची चूक असणार नाही.

शीर्षकासाठी मराठीत एक तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘कानोसा’. कानोसा घेणे म्हणजे थांबून, श्वास रोखून, लांबचे आणि बारीक आवाज टिपणे. त्याची सख्खी बहीण ‘चाहूल’. एखादी गोष्ट दिसण्याआधी कानाला कळते, ती चाहूल. अमेरिकेच्या संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) यांनी ‘डीप लिसनिंग’ नावाची जी साधना रुजवली तिच्यासाठी ‘सखोल श्रवण’ असा अवजड जोडशब्द करण्याची गरज मला वाटत नाही. ऑलिव्हेरोस आणि त्यांचे साथीदार १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील एका रिकाम्या भूमिगत जलकुंडात उतरून वाजवत बसले होते. तेथे एकदा काढलेला स्वर विरायला सुमारे ४५ सेकंद लागत. इतका वेळ रेंगाळणाऱ्या स्वरावर पुढचा स्वर टाकायचा तर आधी कान द्यावाच लागतो, आणि ऐकणे व वाजवणे या दोन क्रिया वेगळ्या राहत नाहीत. कानोशात एक अडचण अवश्य आहे. आपण कानोसा घेतो तो बहुधा कशाच्या तरी अपेक्षेने किंवा भीतीने, चोराचा, जनावराचा, शेजारच्या भांडणाचा. ऑलिव्हेरोस यांचे ऐकणे मात्र काहीही अपेक्षा न धरता सगळ्यालाच कान देण्याचे आहे. एवढा अर्थविस्तार हा शब्द सहज पेलेल असे मला वाटते.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयाला धरूनच आहे. मराठीत ‘साउंडस्केप’ला जुने सामान्यनाम नसले, तरी एकेका श्रवणपरिसराची नावे भरपूर आहेत, आणि ती बहुतेक ‘-आट’ प्रत्ययाने होतात. गजबजाट, कलकलाट, चिवचिवाट, दणदणाट, खडखडाट हे शब्द एकेका आवाजाचे नाव नाहीत. ते त्या वेळी त्या जागेची स्थिती सांगतात. महाद्वार रोडवर संध्याकाळी असतो तो गजबजाट, आणि बंदच्या दिवशी तेथेच पडतो तो शुकशुकाट. हा शेवटचा शब्द विशेष पाहण्यासारखा आहे, कारण आवाज नसण्यालाही मराठीने आवाजाच्याच घाटणीचा शब्द दिला आहे. त्याहून गमतीचा ‘किर्र’. रातकिड्यांचा हा आवाज आपण सरळ विशेषण म्हणून लावतो, आणि तोही किड्यांना नव्हे: किर्र रान, किर्र झाडी, किर्र अंधार. दाजीपूरच्या जंगलात रात्र झाली की अंधार दिसत नाही तेवढा ऐकू येतो, हे निरीक्षण या एका अक्षरजोडीत मुरलेले आहे. उपक्रमात सहभागी होणाऱ्यांनी जे ऐकले ते वहीत उतरवताना परिभाषेच्या मागे न लागता हीच शब्दसंपत्ती वापरावी. ‘पक्ष्यांचा आवाज आला’ यापेक्षा ‘चिवचिवाट सुरू झाला’ यात वेळ, संख्या आणि जागा तिन्ही येतात.

शेफर यांनी श्रवणपरिसराचे जे घटक सांगितले त्यांनाही मराठी नावे देता येतील. सतत मागे चालू असलेला, म्हणून लक्षात न येणारा आवाज तो ‘आधारध्वनी’; तंबोऱ्याच्या षड्जाला आपण आधारस्वर म्हणतोच. मुद्दाम लक्ष वेधणारा, उदाहरणार्थ भोंगा, तो ‘संकेतध्वनी’. आणि ज्या आवाजावरून गाव ओळखावे तो ‘ध्वनिखूण’, पाऊलखुणेच्या चालीवर. कोल्हापूरला या शेवटच्या प्रकाराची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. अंबाबाईच्या देवळाच्या उत्तर दरवाज्याला घाटी दरवाजा म्हणतात तो तेथील मोठ्या घंटेमुळे. दगडी दाराला आवाजावरून नाव मिळालेले आहे. तालमीत शड्डू ठोकल्याचा आवाजही तसाच, आणि जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात उठणारा ‘चांगभलं’चा गजर तर अर्थासकट ध्वनिखूण आहे. आवाज ऐकत फिरण्याला इंग्रजीत ‘साउंडवॉक’ म्हणतात, त्याला प्रभातफेरीसारखे ‘श्रवणफेरी’ म्हणावे. ‘टॉकी’ आली तेव्हा याच शहरात प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला आणि तो मराठीतला पहिला ‘बोलपट’ ठरला. असे आखूड, तोंडात बसणारे जोडशब्द लोक उचलतात, लांबलचक सामासिक शब्द शासकीय पत्रकापुरतेच राहतात.

आता ‘तात्कालिक ध्वनिकला’. तात्कालिक म्हणजे त्या वेळेपुरते, तात्पुरते. तात्कालिक कारण, तात्कालिक उपाय. यातून कला क्षणभंगुर असल्याचे कळते, ती त्या क्षणी घडवली जाते हे कळत नाही. ‘उत्स्फूर्त’ त्याहून बरा, पण वर्तमानपत्रांनी ‘उत्स्फूर्त बंद’ आणि ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ छापून छापून तो झिजवला आहे, शिवाय त्यात पूर्वतयारी नसल्याची सूचना आहे. इम्प्रोव्हायझेशनमध्ये रचना ठरलेली नसते, तयारी मात्र वर्षानुवर्षांची असते. सवाल-जवाबात ऐन वेळी कवन जुळवणाऱ्या शाहिराला हे सांगावे लागत नाही.

संगीतात यासाठी ‘उपज’ हा शब्द रुळलेला आहे, आणि कोल्हापूरने तो परका मानण्याचे कारण नाही. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेल्या अल्लादिया खाँसाहेबांची (१८५५–१९४६) गायकी ज्या गावात नांदली तेथे उपज म्हणजे काय हे श्रोत्यांना ऐकून ठाऊक आहे. धातू ‘उपजणे’, म्हणजे जन्मणे. ज्ञानेश्वरीतील ‘उपजे तें नाशे’ सर्वांच्या तोंडी आहे, आणि वाजवला की विरून जाणाऱ्या आवाजाला ते शब्द नेमके लागू पडतात. हिंदीत उपज म्हणजे शेतातले पीकही होते, म्हणून तेथे ‘कृषि उपज मंडी’ असते. आपण तेथे ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ म्हणतो, त्यामुळे मराठीत उपज हा शब्द बाजारात न जाता गाण्यापाशी राहिला.

यावर जाणकार म्हणतील की उपज राग आणि ताल यांच्या मर्यादेत होते, आणि येथे तर भांडी वाजणार आहेत. आक्षेप रास्त आहे. शार्ङ्गदेवांचा ‘अनिबद्ध’ घ्यावा का, असाही विचार होऊ शकतो. पण अनिबद्ध गान म्हणजे आलप्ती, म्हणजे आलापांनी केलेला रागाचा विस्तार; ती बंदिशीत बांधलेली नसली तरी रागाने पुरती बांधलेली असते. म्हणून मी ‘मुक्त उपज’ सुचवतो. मुक्तछंदाने वृत्त सोडले, लय सोडली नाही, हे मराठी वाचकाला माहीत आहे. ‘मुक्त’ म्हणजे बेशिस्त नव्हे, एवढे त्या शब्दाने आपोआप सांगितले जाईल.

नमुना पाहायचा तर खासबाग मैदानात कुस्तीच्या दिवशी हलगीवाल्याकडे पाहावे. विस्तवावर चामडे तापवून घेतलेली हलगी, जोडीला घुमकं आणि कैताळ. मल्ल नुसते अंदाज घेत फिरत असतात तेव्हा ठेका निवांत असतो, पकड बसली की तो दाटतो, आणि डाव पडण्याच्या बेतात आला की हलगी कडाडते. काय वाजवायचे हे आखाड्यात काय घडते त्यावरून ठरते, आणि त्याच्या वाजवण्याने आखाड्याचीही रग वाढते. भोवताल ऐकून त्यातच भर घालणारी अशी उपज रंकाळ्याच्या काठावर अपेक्षित असेल, तर सहभागी होणाऱ्यांना समजावण्यासाठी कॅनडाचे किंवा अमेरिकेचे उदाहरण देण्याआधी हे द्यावे.

पत्रकाच्या मथळ्यासाठी ‘कानोसा : रंकाळ्याचा श्रवणपरिसर आणि मुक्त उपज’ असे लिहिता येईल, आणि त्याखाली साध्या भाषेत ‘भोवतालचे आवाज ऐकू आणि ऐकता ऐकता वाजवू’ अशी ओळ द्यावी, म्हणजे वरचा एखादा शब्द अडला तरी कोणी घरी बसणार नाही. व्याकरणाच्या दोन बाबी राहिल्या. ‘उपज’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून मसुद्यात इतरत्र आलेले ‘त्याचा उपज’ बदलून ‘त्याची उपज’ करावे. आणि ‘ध्वनी’ सुटा लिहिताना शेवटचे अक्षर दीर्घ असते, पण समासात पहिल्या जागी तो आला की ते ऱ्हस्व होते. तेव्हा ‘ध्वनीमुद्रण’ असे जे दोन ठिकाणी झाले आहे तेथे ‘ध्वनिमुद्रण’ अशी दुरुस्ती छपाईला देण्यापूर्वी करून घ्यावी.