टेप काळी झाली, म्हणजे निर्जंतुक झालं का?

प्रश्न : आमच्या पंधरा खाटांच्या रुग्णालयात उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) आहे. 15 पाउंडांवर 20 मिनिटं ठेवतो, प्रत्येक ड्रमवरची (सामानाच्या भोकं असलेल्या डब्यावरची) उष्णतेने रंग बदलणारी टेप काळी होते. तरी अधूनमधून टाक्यांत पू होतो. चुकतंय कुठे?
– ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर, बीड जिल्हा

सिस्टर, टेपचे पट्टे काळे झाले याचा अर्थ एवढाच, की ड्रम बाहेरून तापला. आत मधोमध ठेवलेल्या आर्टरी फोर्सेपपर्यंत (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्यापर्यंत) वाफ पोचली की नाही, हे टेप सांगत नाही. टाक्यांत पू होण्याची इतरही कारणं असतात, रुग्णाची साखर, त्वचेची तयारी, हात धुणं; पण आधी ऑटोक्लेव्हकडे पाहा.

काटा दाब दाखवतो, तापमान नाही. हवा पूर्ण बाहेर गेली असेल तर 15 पाउंडांवर 121 अंश सेल्सिअस मिळतात. निम्मी हवा आत राहिली, तर काटा 15 वरच असतो, पण आत भरतात 112 अंश. हवा काढलीच नाही तर जेमतेम 100. म्हणून डिस्चार्ज कॉक (हवा-वाफ बाहेर सोडणारी तोटी) उघडा ठेवून पाणी उकळू द्या. वाफ आधी अडखळत, फुसफुसत येते. ती एकसारखी, न थांबता जोरात यायला लागली की पाच मिनिटं तशीच जाऊ द्या, मग कॉक बंद करा. वेळ मोजायची ती काटा 15 वर पोचल्यापासून. 20 मिनिटं ही उघड्या हत्यारांची वेळ आहे. कापडात बांधलेल्या किंवा ड्रममधल्या सामानाला 30 मिनिटं द्या.

ड्रमची भोकं आत ठेवताना उघडी, बाहेर काढताच बंद. ही भोकं उघडायची राहून जाणं ही फार नेहमीची चूक आहे. लिनन कोंबू नका, घड्यांमधून हात सहज सरकला पाहिजे. दाब शून्यावर आल्यावर झाकण किंचित उघडून 10-15 मिनिटं सामान वाळू द्या. गरम ड्रम थेट कडप्प्याच्या ओट्यावर ठेवला की खाली वाफेचं पाणी होतं, आणि ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. ओला निघालेला पॅक निर्जंतुक धरू नका. सगळा सोडून, कोरड्या कापडात बांधून पुन्हा लावा.

खात्रीसाठी प्रत्येक पॅकच्या मधोमध रासायनिक पट्टी ठेवा आणि आठवड्यातून एकदा जिवाणूंच्या बीजाणूंची (उष्णतेतही तग धरणाऱ्या सुप्त रूपांची) कुपी सर्वांत जाड पॅकच्या मध्यभागी घाला. यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा जिवाणू असतो. नंतर ती कुपी त्याच बॅचच्या, ऑटोक्लेव्ह न केलेल्या कुपीसोबत 55 ते 60 अंशांवर, माहितीपत्रकात दिलेल्या वेळेपर्यंत ठेवा. बहुतेक कुप्यांत जांभळ्याचा पिवळा रंग झाला म्हणजे बीजाणू जिवंत आहेत. न लावलेली कुपी मात्र पिवळी व्हायलाच हवी. नाही झाली, तर चाचणीच फुकट.

प्रश्न : हत्यारं ऑपरेशननंतर तासभर ब्लीचच्या पाण्यात ठेवतो, मग तारेच्या ब्रशने घासतो. सांध्यांत तांबूस डाग पडतात. गंज आहे का?
– सीएसएसडी (रुग्णालयाचा निर्जंतुकीकरण विभाग) कर्मचारी, नाशिक

डागावर शाळेचं खोडरबर घासा. डाग गेला आणि खाली पृष्ठभाग गुळगुळीत निघाला, तर तो डागच. बारीक खड्डा दिसला, तर गंज. ते हत्यार लगेच वेगळं काढा, नाहीतर बाकीच्यांना लागेल.

दोष ब्लीचचा आहे. क्लोरीन स्टीलला खड्डे पाडतं, सलाइनही तेच करतं. शिवाय रक्त असताना क्लोरीन तिथेच खर्ची पडतं, म्हणजे हातांच्या सुरक्षेसाठी तुम्ही जे भिजवणं करता, ते भरवशाचं नाहीच. हात वाचवायचे तर जाड रबरी हातमोजे, एप्रन आणि चेहऱ्यावर शील्ड घाला.

ऑपरेशन चालू असतानाच साध्या निर्जंतुक पाण्याच्या ओल्या कापडाने रक्त पुसत राहा. नंतर हत्यारं धुईपर्यंत ओल्या टॉवेलखाली झाका. वाळलेलं रक्त काढणं कष्टाचं असतं. सांधे उघडा, सुटे होणारे भाग सुटे करा, एन्झाइमच्या कोमट द्रावणात बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत बुडवा. पाणी 45 अंशांच्या वर नको, प्रथिनं गोठून चिकटतात. नायलॉनचा ब्रश पाण्याखालीच चालवा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. तारेच्या ब्रशने ओरखडे पडतात आणि त्यांत घाण बसते. जबड्यांच्या खाचा आणि सांध्याची फट नीट घासा. नळीत तिच्या जाडीचा ब्रश घालून, सिरिंजने पाणी सोडा. बोअरच्या पाण्याचे क्षार डाग पाडतात, म्हणून शेवटचं खंगाळणं आरओच्या पाण्यात. कोरडं करून भिंगाखाली पाहा. सांध्यांना पाण्यात विरघळणारं इन्स्ट्रुमेंट मिल्क (हत्यारांचं दुधाळ वंगण) लावा. मशीनचं किंवा खोबरेल तेल नको, तेलाच्या थरातून वाफ जात नाही. पॅक करताना रॅचेट (मुठीजवळची दातेरी अडकण) उघडं ठेवा.

प्रश्न : लॅप्रोस्कोपीची (पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने करायच्या ऑपरेशनची) हत्यारं 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात 20 मिनिटं पुरतात का?
– वाचक, सांगली

नाही. 20 मिनिटांत बीजाणू मरत नाहीत, त्याला 10 तास लागतात. आणि तेही हत्यार आधी स्वच्छ धुतलेलं असेल तरच, कारण हे द्रावण रक्त जागीच घट्ट बसवतं. नंतर नळाच्या किंवा उकळलेल्या पाण्याने खंगाळलं, तर पाण्यातले क्षयरोगाच्या जातकुळीतले जंतू पोटाच्या छिद्रांत जाऊ शकतात. मग आठवड्यांनी गाठी येतात, पू येतो आणि नेहमीची प्रतिजैविकं दाद देत नाहीत. धातूचे ट्रोकार (छिद्र पाडायच्या नळ्या), ग्रास्पर (लांब चिमटे) वाफेतच लावा. दुर्बिणीवर ऑटोक्लेव्हचं चिन्ह नसेल, तर ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडचं कमी तापमानाचं यंत्र) वापरा. फॉर्मेलिनच्या गोळ्यांच्या डब्यावर विसंबू नका.