‘अलूफ’ म्हणजे शिष्ट नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘ही इज अलूफ’, ‘ही इज डिस्टंट’ आणि ‘ही इज डिटॅच्ड’ या तिन्हींना मराठीत ‘अलिप्त’ म्हटलं तर चालेल का? आणि जाता जाता, ‘फार्दर’ कुठे नि ‘फर्दर’ कुठे?

नाही चालणार. ‘डिस्टंट’चं सोपं आहे. गाव दूरचं, नातेवाईक लांबचा, माणूस तुटक. यात कुणी फारसं चुकत नाही. सगळा घोळ होतो तो ‘अलूफ’चा. ‘नवी बॉस फार अलूफ आहे’ असं म्हणणाऱ्याला दहांतल्या नऊ वेळा ‘शिष्ट आहे’, ‘नाक वर करून चालते’ असं म्हणायचं असतं. त्यासाठी इंग्रजीत ‘हॉटी’ (haughty)पासून ‘स्नॉबिश’पर्यंत भरपूर शब्द पडले आहेत, ते वापरा. ‘अलूफ’ला मोकळं सोडा.

हा शब्द मुळात दर्यावर्दी. डच भाषेत ‘लूफ’ म्हणजे वारा जिकडून येतो ती बाजू. ‘अबोर्ड’, ‘अशोर’, ‘अस्लीप’ यांच्या पुढे जो ‘अ’ आहे तोच इथेही लागला आणि सोळाव्या शतकात सुकाणूवाल्याला द्यायचा हुकूम तयार झाला: नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे धर! असा हुकूम लागतो कधी? वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतोय आणि जहाज किनाऱ्याला धरून चाललंय, तेव्हा. शिडाचं जहाज अशा वेळी सरळ रेषेत जातच नाही. पुढे जाता जाता आडवंही सरकतं, आणि सरकतं ते खडकांकडे. म्हणून त्याची नाळ सतत वाऱ्याच्या बाजूला ओढून धरावं लागतं.

त्यालाही मर्यादा आहे. चौकोनी शिडांचं जुनं जहाज वाऱ्याच्या रेषेच्या जास्तीत जास्त सहा पॉइंट जवळ जाऊ शकायचं. एक पॉइंट म्हणजे सव्वाअकरा अंश, तेव्हा सहा पॉइंट म्हणजे ६७.५ अंश. त्याहून जवळ नेलं की शिडं फडफडू लागतात, वारा उलट्या अंगाने भरतो आणि वेग मरतो. वेग मेला की सुकाणूही ऐकत नाही आणि जहाज आयतंच किनाऱ्यावर जातं. नाळ कमी वळवली तरी शेवट तोच, फक्त सावकाश. नैऋत्य मोसमी वाऱ्यात आपला कोकण किनाराही असाच वैरी होतो. गलबतं पावसाआधी ओढून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालायची, हा रिवाज त्यातूनच आला.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की ‘अलूफ’चा वापर आपोआप कळतो. अंतर थोडंच असतं, किनारा दिसत असतो आणि तो ओढत असतो. तरी हातात सुकाणू धरून मुद्दाम लांब राहायचं. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या इंग्रजी कोशात हे नेमकं हेरलं होतं. हे अंतर बहुधा थोडं, नजरेच्या टप्प्यातलं असतं, असं तो म्हणतो. व्युत्पत्ती मात्र त्याने ‘ऑल ऑफ’, म्हणजे पार लांब, अशी ठोकून दिली. अंतर थोडं असं सांगणाऱ्या शब्दाच्या पोटात ‘पार लांब’ कसं बसणार, हे त्या महापंडिताला खटकलं नाही याचं नवल वाटतं!

तेव्हा ‘अलूफ व्हिलेज’ होत नाही, ‘रिमोट व्हिलेज’ होतं. ‘अलूफ’ला इच्छा लागते, गावाला ती नसते. कशापासून लांब ते सांगायचं तर पुढे ‘फ्रॉम’ घ्या, ‘टू’ नको: ‘शी स्टूड अलूफ फ्रॉम द क्वारल’. आणि ज्याला भांडणात कुणी ओढलंच नाही तो ‘अलूफ’ नसतो, तो नुसता बाहेर असतो.

माझा लाडका तर्कही सांगून टाकतो. ‘स्टँडऑफिश’, म्हणजे तुसडा, हा शब्दसुद्धा मला खारा लागतो. कोशकार तो ‘स्टँड ऑफ’, म्हणजे बाजूला उभं राहणं, यावरून सरळ लावतात आणि पुढे जातात. पण जहाजाच्या बोलीत ‘स्टँड’ म्हणजे उभं राहणं नव्हेच, तो रोख धरून चालणं आहे. ‘स्टँड ऑफ अँड ऑन’ म्हणजे किनाऱ्यापासून थोडं दूर जायचं, पुन्हा जवळ यायचं, पुन्हा दूर. बंदरात शिरायला उजेडाची किंवा वाटाड्याची वाट बघताना असंच करत. आज ज्याला आपण तुसडा म्हणतो त्याचं वागणं बघा, अगदी हेच. पुरावा मागाल तर माझ्याकडे एवढाच आहे, पण तर्क मी सोडणार नाही.

आता ‘अलिप्त’. ‘लिप्’ म्हणजे माखणं, चिकटणं. अलिप्त तो, ज्याला काही चिकटत नाही. गीतेतलं कमळाचं पान आठवा. ते पाण्यातच असतं, अंतर शून्य, आणि तरी कोरडं. ‘अलूफ’मध्ये तर अंतर हाच मुद्दा आहे. म्हणून ‘अलिप्त’ला जवळचा शब्द ‘डिटॅच्ड’. त्याच्या उलट्या ‘अटॅच’च्या मुळाशी खुंट असावा असं मानतात, म्हणजे ‘डिटॅच्ड’ तो दावं सुटलेला. खटल्यात न गुंतता निकाल देणारा न्यायाधीश ‘डिटॅच्ड’ म्हटला तर ती स्तुती, ‘अलूफ’ म्हटला तर तक्रार. ‘अलूफ’ला मराठीत ‘फटकून राहणारा’ हे चपखल बसतं.

‘आधी मोजायचं अंतर, मग त्यावरून मनाचं’ हा सिद्धान्तही सगळीकडे चालवू नका. ‘डिस्टन्स’ तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो ‘तंटा, बेबनाव’ या अर्थाने. मैल मागाहून आले. शेक्सपिअरच्या नाटकात मॅकबेथ बँकोविषयी बोलताना ‘ब्लडी डिस्टन्स’ म्हणतो, तिथे काही टीपाकार फक्त पट्टेबाजांमधलं अंतर बघतात. ते आहेच, पण खालचं जुनं वैर त्यांना दिसत नाही.

एक रोजचा वैताग: ‘एस्ट्रेंज्ड वाइफ’चं भाषांतरित बातम्यांत ‘घटस्फोटित पत्नी’ होतं. चूक, आणि कायद्याच्या दृष्टीने गंभीर चूक. ती अजून पत्नीच असते. वारसाहक्क, पोटगी सगळं त्यावर ठरतं. लॅटिन ‘एक्स्ट्रानेउस’ म्हणजे बाहेरचा, त्यावरून परकं होणं. ‘दुरावलेली पत्नी’ लिहा.

राहिलं ‘फार्दर-फर्दर’. ‘फर्दर’ जुना, आणि त्याचा ‘फार’ (far, लांब) या शब्दाशी जन्माचा संबंध नाही, तो ‘फोर्थ’ (forth), ‘फोर’ (fore) यांच्या गोतावळ्यातला, म्हणजे ‘पुढे’वाला. ‘फार’कडे बघून ‘फार्दर’ नंतर रूढ झाला. मैलांसाठी ‘फार्दर’ आणि बाकी सगळ्याला ‘फर्दर’ हा नियम अमेरिकी वृत्तसंस्थांच्या शैलीपुस्तिका पाळायला लावतात. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६मध्येच लिहून ठेवलंय की असा भेद करून लिहिणारे जवळजवळ नसतातच आणि बहुतेकांचा कल ‘फर्दर’कडे असतो. परीक्षेत मार्क जात असतील तर नियम पाळा. एरवी ‘फर्दर’ लिहा, कुठेच अडणार नाही.